सॅक्सोफोनचं दावं

भिका मास्तरने मला फसवलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी, भर दुपारी, नशिराबादला आमच्याच ओट्यावर, माझ्या सख्ख्या बापाला पंच करून फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी भरिताबद्दल आणि आईच्या फुंकणीबद्दल लिहायला लागलो तरी वाचणाऱ्याने मूळ मुद्दा विसरू नये. पुढे मी मुंबईच्या हॉटेलांत पंचवीस-तीस वर्षं जाझ वाजवला, बऱ्यावाईट चाली बांधल्या, आणि केस पांढरे झाल्यावर एका विद्यापीठाने मला शिकवायला बोलावलं. तिथल्या माझ्या सत्कारात एक प्राध्यापक म्हणाले की, माझ्या सॅक्सोफोनचा जो किंचित चिरका, रडवेला आवाज आहे, तो पूर्व आणि पश्चिम यांच्या मीलनातून जन्मला आहे. मी हार घालून ऐकत होतो. कसली पूर्व आणि कसली पश्चिम! तो आवाज भिका मास्तरच्या लबाडीतून जन्मला आहे, आणि माझ्याकडे त्याचा पुरावा आहे. तो पुरावा लाकडाचा आहे. त्याच्याकडे येतोच.

माझे वडील बैलबाजारातले दलाल होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, आम्हीही. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या हातांवर एक रुमाल टाकतात आणि त्या रुमालाखाली बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक भाव, चार धरली की दुसरा, तळहातावर नुसतं नख टेकवलं की तिसराच. बाजूला उभ्या असलेल्यांना फक्त कापड हलताना दिसतं. आबा मात्र दहा पावलांवरून रुमालाच्या सुरकुत्या बघून आत काय चाललंय ते ओळखायचे, आणि ही विद्या त्यांनी मला लहानपणीच दिली, कारण पुढे तो रुमाल त्यांना माझ्याच खांद्यावर टाकायचा होता. त्यांचा चेहरा म्हणजे लिंपलेली भिंत. सौदा जमला तरी तसाच, मोडला तरी तसाच. बाजारातले सगळे रिवाज त्यांना पाठ. बैल विकला तरी त्याच्या गळ्यातलं दावं विकणाऱ्याचंच राहतं, हा त्यातलाच एक. विकणारा आपलं दावं सोडून घरी नेतो, म्हणजे गोठ्यातली लक्ष्मी मागे राहते, आणि घेणाऱ्याने आपलं दावं घेऊन यायचं. एखादा नवखा दाव्याशिवाय आला, तर भर बाजारात बैलाला मिठी मारून उभा राहायचा. आम्ही पोरं त्याला फार हसायचो. मीही हसलो आहे. ते हसू मला चांगलंच भोवलं.

माय नरडाण्याकडची. लग्नाला वीस वर्षं झाली तरी तिची अहिराणी नशिराबादच्या पाण्याने जराही पातळ झाली नव्हती. आबा अबोल आणि ती बोलकी, पण पाहुणे बसलेले असले की तीही पदराखाली आबांचा हात धरून बोटांनीच विचारायची की जेवायला किती माणसं धरू. आबा बोटांनी उत्तर द्यायचे. कधीकधी तो पदर पाच-पाच मिनिटं हलत राहायचा, कारण आबांनी सहा सांगितली की ती चारवर अडून बसायची. आमच्या घरात मी बोलण्याआधी मोल करायला शिकलो, ते असं.

हिवाळ्यात घरी वांग्यांचं भरीत व्हायचं. वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, खरपूस भाजायची, सोलायची आणि लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचायची. मायच्या ठेचण्याला एक ताल होता. धप, धप, मग कडेला उडालेला गर ती बोटाने आत सारायची तेवढा एक थांबा, आणि मग उशिराने, जसं काही विसरलेलं आठवावं तसा, एक मोठा धप. त्या थांब्यात आम्ही भावंडं श्वास धरून बसायचो. पुढे वर्गात जाझमधला उशिरा पडणारा ठोका शिकवताना मला बडगीच डोळ्यांसमोर यायची. एकदा मी विद्यार्थ्यांना म्हणालो की हे समजायला घरी जाऊन आईला भरीत करताना ऐका. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

सॅक्सोफोन मी पहिल्यांदा गावातल्या एका लग्नात ऐकला. भिका मास्तरचा बँड जळगावचा, आणि आमच्या मुलखात सॅक्सोफोन एकट्या त्याच्याकडे. भुसावळच्या रेल्वेतला कोणी साहेब विलायतेला परत जाताना त्याला देऊन गेला होता. मास्तर शेतकऱ्याचा मुलगा, मिशा मोठ्या, त्याहून मोठा संशयखोर. दुसऱ्या बँडवाल्यांनी आपली बोटं बघून विद्या चोरू नये म्हणून त्याने सॅक्सोफोनवर लाल मखमलीचं कापड बांधलं होतं. मानेपासून खालपर्यंत सगळं वाद्य झाकलेलं, हात कापडाच्या आत, बाहेर फक्त चकाकणारा पितळी जबडा. बायका त्या कापडाला हळदकुंकू लावायच्या. आत देव आहे असा काहींचा समज होता, आणि मास्तरने तो कधी मोडला नाही.

आणि मी? मी वऱ्हाडाच्या गर्दीत उभा राहून कापडाच्या सुरकुत्या बघत होतो. जळगाव, धुळे, चोपडा, जिथे जिथे सॅक्सोफोन वाजत होता तिथल्या शेकडो माणसांत एकट्या मला ती मखमल वाचता येत होती. वरचं बोट उचललं, खालची तीन दाबली, अंगठा सरकला. अख्ख्या खानदेशापासून विद्या लपवायला मास्तरने नेमका रुमालच वापरावा, आणि समोर दलालाचा पोरगा उभा असावा! चार लग्नांत मी त्याची सगळी बोटं पाठ केली. वाद्याला हात न लावता.

घरी सराव करायला वाद्य नव्हतं, म्हणून चुलीची फुंकणी घेतली. फुंकायचीही सोय आणि बोटांनाही जागा. मी चुलीपाशी बसून फुंकणी तोंडाला लावायचो, बोटं नाचवायचो, आणि जाळ कधी आढ्याला जायचा तर कधी राख भाकरीवर यायची.

"मनी फुंकणी दे!" माय ओरडायची. "चुल्हा इझी गया."

"माय, हा सूर लांब धरायचा असतो."

"सूर गया चुल्हामा! बठ्ठ्या भाकरी करपाडी टाक्यात." मग आंडोराची, म्हणजे मुलाची, तक्रार शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात, "मना आंडोर फुंकणीशी बोलस. यानं लगीन लाई द्या रे कोनी."

त्या वर्षी मी एकोणीस-वीसचा होतो. मी भिका मास्तरच्या बँडमध्ये झांज वाजवायला लागलो, फक्त त्या मखमलीच्या जवळ उभं राहायला मिळावं म्हणून. मधल्या दिवसांत पायी भुसावळ गाठायचो. तिथे रेल्वेच्या साहेबांच्या नाचघराच्या खिडकीखाली संध्याकाळी उभं राहिलं की आतला गोव्याच्या वादकांचा ताफा ऐकू यायचा, आणि त्यांचाही ठोका मायसारखा उशिरा पडायचा. साहेबमजकूर मायच्या भरितावर नाचत होते. हे मला कळलं आणि मी परतीच्या वाटेवर, नशिराबाद यायच्या आत, माझी पहिली चाल बांधली. दोन आखूड सूर, एक थांबा, आणि मग उशिराने एक लांब, मस्तवाल सूर.

चोपड्याच्या एका लग्नात वरण-बट्टीच्या पंगती उठल्यावर मी मांडवामागे ती गुणगुणत होतो. मास्तर शेजारी दातकोरणं घेऊन बसला होता. त्याचं दातकोरणं थांबलं.

"ही कुठली रे नामा?"

"माझी."

"तुझी? तू झांजवाला."

"झांजवाल्याची चाल आहे, सोडून द्या." मी उठायला लागलो. गिऱ्हाईक बैलाकडे दोनदा बघतं तेव्हा बैल हलवायचा असतो.

"बस, बस. काय घेशील?"

"सॅक्सोफोन."

मास्तर इतका हसला की त्याने हात तोंडावर धरला. आणि तो हात त्याने का धरला ते मला माहीत होतं. त्याचे वरचे दोन दात हलत होते. सॅक्सोफोनचं तोंड वरच्या दातांवर टेकवावं लागतं. महिनाभर त्याच्या लांब सुरांतून वारा गळत होता, आणि एका झांजवाल्याखेरीज ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हणालो, "मास्तर, दात पडले की वाद्य खुंटीला टांगाल. चाल मात्र क्लॅरिनेटवर वाजेल, कॉर्नेटवर वाजेल, तुमच्या नातवापर्यंत पुरेल."

मास्तरने हसणं थांबवलं आणि खांद्यावरचा रुमाल काढला. आमच्याकडे रुमाल निघाला की माणूस खरं बोलायला तयार झाला असं समजतात. पैशाचा प्रश्न नव्हता. त्याने चालीच्या बदल्यात वाद्य द्यायचं, पण त्याआधी ती चाल बँडला देऊन मी किती लग्नं फुकट झांज वाजवायची, एवढंच ठरायचं होतं. त्याने दोन्ही पंजे दोनदा दाबले. मी चार बोटं धरली. त्याने माझा अंगठा मुरगळला. मी त्याच्या तळहाताला नख लावलं. शेवटी अकरावर सौदा ठरला. अकरा लग्नं, आणि आखाजीला सॅक्सोफोन माझ्या घरी.

ती अकरा लग्नं मी विसरणार नाही. चाल पहिल्याच मिरवणुकीत पेटली. थांबा आला की नवरदेवाची घोडी थांबायची, नवरदेव पुढे मानेवर आपटायचा, आणि लांब सूर आला की घोडी उधळल्यासारखी निघायची. वऱ्हाडी मंडळी थांब्याला एक पाय वर धरून उभी राहायची, त्यात काही म्हातारे पडायचेही. लोक तिला थांब्याची चाल म्हणायला लागले. पाचव्या लग्नापर्यंत ती भिका मास्तरची चाल झाली होती. मी झांज वाजवत गप्प होतो. सॅक्सोफोन येतोय ना, मग नाव घेऊन जाऊ दे, असं मला वाटलं. हाच माझा मूर्खपणा.

घरी आबांनी फक्त एकदा विषय काढला. "आखाजीला सालदार गड्यांचं साल बदलतं," ते म्हणाले. "तुझंही बदलेल. तोवर वाद्य आलं तर तू बँडवाला. नाही आलं तर दुसऱ्या दिवसापासून रुमाल तुझ्या खांद्यावर. मंजूर?" मी मंजूर म्हणालो. आमच्या घरात मंजूर म्हटलेला शब्द मोडायची सोय नव्हती.

आखाजी उजाडली. चोपड्याला दिलेली अक्का माहेरी आली होती. निंबाला झोका बांधलेला, त्यावर ती आणि तिच्या मैत्रिणी गौराईची गाणी म्हणत होत्या. माय अंगणात पालथ्या खापरावर मांडे टाकत होती. पुरण भरलेला मांडा ती दोन्ही हातांवर उडवत ताटाएवढा मोठा करायची आणि खापरावर सोडायची, तेव्हा तो कापसासारखा पडायचा. शेजारी आमरसाचं पातेलं. मी सकाळपासून ओट्यावर बसून होतो, जेवणाकडे लक्ष नाही. दुपारी भिका मास्तर आला. नवा कोट, तेल लावलेल्या मिशा, आणि हातात लाल मखमलीत गुंडाळलेलं माझं वाद्य. त्याने ते सगळ्यांसमोर माझ्या मांडीवर ठेवलं. झोका थांबला. मी कापड सोडलं, पितळ उन्हात चमकलं, सगळी बोटं आपोआप जागेवर गेली, आणि मी तोंड लावायला मान पुढे केली. तोंड लावायला काहीच नव्हतं. वाद्याच्या मानेला जो काळा तुकडा असतो, ज्यात रीड बसवतात आणि जो दातांत धरून फुंकतात, तो माउथपीस गायब होता. मानेचं उघडं नळकांडं माझ्याकडे बघत होतं.

"मास्तर, तोंड कुठाय याचं?"

मास्तरने कोटाच्या खिशावर हात ठेवला. "आहे ना, माझ्याकडे. लग्न असलं की येत जा, लावून देत जाईन. लग्न संपलं की काढून घेईन."

"सौदा वाद्याचा झाला होता!"

"मग वाद्य दिलं की. बैल विकला म्हणून कोणी दावं देतं का बाप्पा? बैल तुझा. दावं माझं." आणि हा चोर आबांकडे वळून हात जोडतो. "आबा, तुम्ही बाजारातले मोठे. मी चुकत असेन तर सांगा."

आजही हे लिहिताना माझ्या कानशिलाची शीर उडते. आता त्याला माझ्यासारखा वादक जन्मभर दाव्याला बांधून मिळणार होता. मी आबांकडे पाहिलं. आबांनी तोंडातला मांड्याचा घास पूर्ण चावला, पाण्याचा घोट घेतला, मिशा पुसल्या. अख्खी गल्ली ओट्यासमोर गोळा झाली होती.

"दावं मालकाचं," आबा म्हणाले. "चाळीस वर्षं बाजारात हेच सांगत आलो. घरात वेगळं कसं सांगू?"

मायने उलथनं टाकलं. "तुम्ही बाप शेतस का दलाल?"

मी आमरसाची वाटी उचलली आणि मास्तरच्या नव्या कोटावर भिरकावली. नेम चांगला होता. पण वाटीमागोमाग पातेल्यालाही माझा पाय लागला आणि रस अंगणभर झाला.

"मना रस!" माय किंचाळली. एवढा वेळ तिचा राग आबांवर होता, तो तिथून उठून माझ्यावर आला. "बठ्ठा आमरस गया! खाजो आते कोरडा मांडा!"

मास्तर कोट झटकत, पिवळ्या पोटाने निघून गेला. माउथपीस त्याच्या खिशात होता आणि तोही रसात भिजला असेल, एवढंच मला समाधान. गर्दी पांगली. आबांनी आपला रुमाल झटकला, त्याची घडी घातली. मला वाटलं, आता तो माझ्या खांद्यावर पडणार. मी वाद्य घट्ट धरलं आणि जो माझा उरलासुरला डाव होता तो टाकला.

"आबा, तुमच्या निवाड्याप्रमाणे बैल पुरता दिला गेला ना? मग वाद्य आलं की नाही आलं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा भिंतीसारखा.

"आलं," ते म्हणाले, आणि रुमाल स्वतःच्या खांद्यावर टाकला. मग जोड्यात पाय घालता घालता, "घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं असतं. जळगावात कातारी आहे. जा, करून आण."

त्यांनी हे मुद्दाम केलं, असं अक्का मरेपर्यंत म्हणत राहिली. तिच्या मते वाद्य पूर्ण आलं असं ठरवल्याशिवाय मला बाजारातून सोडवता येत नव्हतं, आणि आबांनी एका शब्दात दोन सौदे केले. असेलही. मी आबांना कधी विचारलं नाही आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळणं शक्य नव्हतं. मी बापाला माफ केलं आहे. मास्तरला नाही.

कातारी पाळण्यांची खेळणी आणि खाटांचे खूर कातायचा. त्याने मी सांगितलं तसा शिसवी लाकडाचा तुकडा कातून, पोखरून दिला. रीड मी वाघूर नदीच्या काठच्या बरूची तासली. पहिल्यांदा फुंकलं तेव्हा गोठ्यातली म्हैस ओरडून उत्तरली, आणि मायने शेजारच्या घराकडे बघून विचारलं, "कोनं पोर रडस?" पण सूर निघत होता. चिरका, ओला, थोडासा केविलवाणा, पण निघत होता. मी तो तसाच भुसावळला नेला. नाचघराच्या ताफ्यात पेद्रू नावाचे गोव्याचे वयस्क वादक होते. त्यांनी माझं लाकडी तोंड हातात घेऊन आधी पोट धरून हसून घेतलं. मग म्हणाले, "वाजव." मी माझी चाल वाजवली. थांबा आला तेव्हा त्यांचा पाय हवेत थांबला, आणि लांब सूर आला तेव्हा खाली आला.

"हा तुकडा कधी बदलू नकोस," ते म्हणाले. "हा आवाज दुसऱ्या कोणाकडे नाही."

पुढचं सगळं, भुसावळ, मग मुंबई, मग विद्यापीठाची ती खुर्ची, त्या तुकड्यातून आलं. तो अजून माझ्याजवळ आहे. त्यावर माझ्या दातांच्या दोन खाचा पडल्या आहेत. तेव्हा कोणी म्हणेल की, म्हाताऱ्या, तुझं तर भलंच झालं, मग तक्रार कसली? माझीही तशीच समजूत होती.

मग मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीचा प्रबंध तपासायला माझ्याकडे आला. विषय, खानदेशातलं लग्नसंगीत. मुलगी हुशार, मेहनती, गावोगाव फिरलेली. आत एका पानावर स्वरलेखनासह माझी चाल होती. दोन आखूड सूर, थांबा, लांब सूर. खाली लिहिलं होतं: 'पारंपरिक. रचनाकार अज्ञात.' आणि माहिती कोणाकडून? भिका मास्तरच्या नातवाकडून. बँड आता तो चालवतो. त्याने तिला सांगितलं होतं की ही चाल त्याच्या आजोबांच्याही आधीपासून चालत आलेली आहे. म्हणजे मास्तरने निदान आपलं नाव लावलं होतं. नातवाने तेही पुसलं. मला त्या पानाखाली परीक्षक म्हणून सही करायची होती. मी अज्ञात, आणि अज्ञाताने सही करायची! मुलीला मी काही बोललो नाही, तिला पहिला वर्ग दिला. तिचा दोष नव्हता.

पण त्याच संध्याकाळी मला ते उत्तर सुचलं, जे आखाजीला ओट्यावर सुचायला हवं होतं. आमरस फेकायच्या ऐवजी मी हे बोललो असतो तर मास्तर तिथेच गप्प झाला असता. सौदा दोन्हीकडून होता. त्याने वाद्य विकलं, मी चाल विकली. दावं मालकाचं, हा आबांचा निवाडा, सगळ्या गल्लीने ऐकलेला. मग माझ्या बैलाच्या गळ्यातलं दावं कोणाचं? चालीचं दावं म्हणजे तिच्यावरचं नाव. चाल वाजवा, लग्नालग्नांत वाजवा, घोड्या थांबवा आणि म्हातारे पाडा, मी अकरा लग्नांत ती देऊन टाकली. पण नाव मी विकलेलं नव्हतं.

म्हणून हे छापून मास्तरच्या नातवाला सांगतो. तुझ्या आजोबाने आपलं दावं त्याच दिवशी खिशात घालून घरी नेलं. माझं पन्नास वर्षं तुमच्या गोठ्यात लटकतं आहे. येत्या आखाजीला मी नशिराबादच्या त्याच ओट्यावर बसणार आहे. वाद्य मांडीवर असेल, लाकडी तोंड लावलेलं असेल. चार माणसांसमोर ये, कोट जुना घालून ये, आणि उत्तर दे. माझं दावं कुठे आहे?